सुरतेच्या कबरी आणि शिपायाच्या मातीचा खर्च

सुरतेत कतारगाम दरवाजाच्या वाटेवर इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे. त्यात ऑक्झिंडन बंधूंची दुमजली कबर सुमारे 40 फूट उंच उभी आहे. धाकटा ख्रिस्तोफर 1659 मध्ये वारला, थोरला जॉर्ज 1669 मध्ये. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांची वखार राखली ती याच जॉर्जने. जवळच डचांच्या कबरस्तानात हेंड्रिक व्हान ऱ्हेडे विसावला आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा 12 खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' सिद्ध करणारा हा माणूस डच कंपनीत सैनिक म्हणून शिरला होता. डिसेंबर 1691 मध्ये तो वारला, तेव्हा कंपनीचा आयुक्त होता. त्याच्या कबरीच्या नुसत्या दुरुस्तीपोटी कंपनीच्या खात्यावर 6,000 रुपये पडल्याची नोंद सुरतेच्या ग्यॅझेटिअरात आहे. या एका आकड्यावरून कंपनी कोणाच्या मातीसाठी हात सैल सोडत होती, ते कळते.

आता शिपायांकडे वळू. 6 मार्च 1775 रोजी याच शहरात पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांनी इंग्रजांशी तह केला. 2,500 माणसांच्या फौजेसाठी दरमहा दीड लाख रुपये ठरले आणि तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर इंग्रजांच्या हवाली झाले. हा हिशेब हातीपायी धड असलेल्या माणसांचा होता. 18 मे रोजी गुजरातेत आडासला राघोबांच्या विरोधातल्या हरिपंत फडक्यांच्या फौजेशी लढाई झाली. त्यात इंग्रजांची 222 माणसे मारली गेली वा जखमी झाली, असे मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ लिहितो.

लंगड्या, म्हाताऱ्या, निर्धन सैनिकासाठी इंग्रज कंपनीच्या राज्यात तोवर एक निधी उभा राहिला होता: 1770 चा लॉर्ड क्लाइव्ह फंड. बंगालचा नवाब मीर जाफर याने क्लाइव्हच्या नावे ठेवलेले पाच लाख आणि नंतरचा एक नवाब सैफउद्दौला याने घातलेले तीन लाख, एवढे त्याचे मूळ भांडवल. मदत मागणाऱ्या अधिकाऱ्याला आपली मालमत्ता ठरीव मर्यादेच्या आत असल्याची शपथ घ्यावी लागे. पैसा बंगालच्या नवाबांचा, पण लाभ युरोपीय सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना. त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेला देशी शिपाई त्यात बसत नव्हता. हा अन्याय होता. काळाचे निमित्त सांगून तो झाकू नये.

सुरतेच्या या कबरी आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, म्हणजे साहेबांच्या थडग्यांची निगा आजही सरकारी पैशातून होते. ती व्हावीच, कारण तो इतिहासाचा ऐवज आहे. निर्धन सैनिकासाठीही स्वतंत्र भारतात सशस्त्र सेना ध्वजदिन निधी आहे. 7 डिसेंबर हा ध्वजदिन 1949 पासून पाळला जातो. निवृत्तिवेतन नसलेल्या, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या, 65 वर्षांवरील माजी सैनिकाला केंद्राकडून या निधीतून मिळणारी मदत नोव्हेंबर 2025 पासून दरमहा 4,000 वरून 8,000 रुपये झाली आहे. तुमच्या आळीत असा एखादा वृद्ध एकटा राहत असेल, तर त्याचे नाव जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आहे का, हे तो हयात असतानाच विचारा.