पसंतीक्रम अर्ज (अभियांत्रिकी प्रवेश)

महाराष्ट्रात बारावी विज्ञाननंतर अभियांत्रिकी पदवीच्या प्रवेशासाठी महाविद्यालय व शाखा यांच्या जोड्या आवडीच्या क्रमाने लावून भरायचा ऑनलाइन अर्ज. बोलण्यात ‘ऑप्शन फॉर्म’. राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील (कॅप) हा निर्णायक टप्पा होय. प्रत्येक जोडीला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो : माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील (स्था. १८८७) स्थापत्य ही एक पसंती, तेथीलच संगणक ही दुसरी.

जागावाटप गुणवत्ताक्रमाने होते. उमेदवाराची पाळी आली की त्याची यादी वरून खाली तपासतात आणि त्याला लागू असलेली जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतात. त्यामुळे आवाक्याबाहेरचे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी घटत नाही. ‘मिळेल तेच वर लिहा’ हा गल्लोगल्ली मिळणारा सल्ला म्हणूनच फसवा. मात्र २०२५-२६ च्या प्रवेशांपासून पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली, तर ती घ्यावी लागते. नाकारल्यास पुढच्या कॅप फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत हेच बंधन पहिल्या तीन पसंतींना लागू होते. तेव्हा नुसत्या नावासाठी, शाखा नकोशी असताना, पहिला क्रमांक खर्ची घालू नये.

मागील वर्षाचा कट-ऑफ पाहताना प्रवर्ग, गृह विद्यापीठ व फेरी हे रकाने जुळवून पाहावेत. दर्जा पाहताना लक्षात घ्यावे की एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देते, तर नॅक (राष्ट्रीय मूल्यांकन व मानांकन परिषद) संपूर्ण संस्थेला. हा फरक माहितीपत्रकांत बरेचदा सोयीस्करपणे धूसर राहतो.