न्यूझीलंडांतील नेटबॉल-मंडळांचा पूर्ववृत्तांत

धर्मग्रामाच्या स्मरणिकेंत चेंडूच्या खेळाची हकीगत कशासाठीं, असें एखादा वाचक विचारील. परंतु ज्या खेळाचा वृत्तांत येथें द्यावयाचा आहे, तो न्यूझीलंड देशांत रुजला तोच मुळीं बायबल-वर्गांतून. इ. स. १९०६ च्या सुमारास प्रेस्बिटेरियन पंथाचे रेव्हरंड जे. सी. जेमिसन ह्यांनीं आपल्या वर्गांतील मुलींस तो प्रथम शिकविला. गृहस्थ आपल्या पंथाचे नव्हेत. तथापि तरुणांस एकत्र आणण्याची त्यांची खटपट कोणत्याहि धर्मगुरूस ओळखीचीच वाटेल.

आज ह्या खेळास नेटबॉल म्हणतात. तेथें मात्र १९७० पर्यंत त्याचें नांव बास्केटबॉल असेंच होतें. चेंडू हातीं आला कीं तो घेऊन धांवावयाचें नाहीं. सोबतिणीकडे फेंकावयाचा, आणि दहा फूट उंचीवरील कड्यांतून खालीं पाडावयाचा. एकटीच्या चपळाईवर सामना जिंकण्याची सोयच त्यांत नाहीं.

पुढें शाळा व क्लब ह्यांतून खेळ पसरला, ठिकठिकाणीं हौशी मंडळें उभीं राहिलीं, व १९२४ सालीं त्यांचें एक देशव्यापी मंडळ स्थापन झालें. जगांतील अशा प्रकारचें पहिलें राष्ट्रीय मंडळ तें हेंच. ज्या इंग्लंडांत खेळाचे नियम १९०१ सालीं प्रथम छापले गेले, तेथेंहि असें मंडळ निघण्यास १९२६ साल उजाडावें लागलें!

परंतु ह्या इतिहासांतील खरें मर्म नऊ जणींच्या प्रकरणांत आहे. न्यूझीलंडांत एका बाजूस नऊ मुली खेळत, ऑस्ट्रेलियांत सातच. १९३८ सालीं मार्गारेट मॅटंगी ह्यांच्या नेतृत्वाखालीं न्यूझीलंडचा पहिला राष्ट्रीय संघ समुद्र ओलांडून मेलबर्न येथें गेला, यजमानांच्या नियमांनीं खेळला, आणि ४० विरुद्ध ११ असा पराभूत झाला. तरीहि मायदेशीं नऊंची रीत सुटली नाहीं. ती आणखी सुमारें वीस वर्षें चालली. ह्यास कोणी हट्ट म्हणेल. मला तसें म्हणवत नाहीं. राष्ट्रीय संघाचा प्रश्न मूठभर खेळाडूंचा. पण गांवच्या मंडळांत प्रत्येक चमूंतून दोघींस वगळावयाचें, आणि त्या दोघी कोणत्या हें त्यांच्याच मैत्रिणींनीं ठरवावयाचें! १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा निर्णय शेवटीं घ्यावाच लागला, कारण इतर देशांशीं सामने खेळावयाचे तर नियम एकच हवे होते.

१९६० सालीं कोलंबो येथें आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९६३ सालीं इंग्लंडांतील ईस्टबोर्न येथें पहिली जागतिक स्पर्धा भरली. तींत न्यूझीलंड ऑस्ट्रेलियाकडून अवघ्या एका गोलानें हरलें. चार वर्षांनीं, १९६७ सालीं, पर्थ येथें, ऑस्ट्रेलियाच्याच भूमीवर, न्यूझीलंडच्या सात जणींनीं यजमानांस ४० विरुद्ध ३४ असें जिंकून जगज्जेतेपद घरीं नेलें.