घोडबंदरचे घोडे आणि ठाण्याचा मोतद्दार

कल्याण-डोंबिवलीच्या, मुरबाड-शहापूरच्या आपल्या गटातल्या बाया पापड-मसाल्याचे स्टॉल लावायला ठाण्याला जातात, तेव्हा एका रस्त्याचं नाव हमखास कानावर पडतं. घोडबंदर रोड. तिथं गाड्या तासन् तास अडकतात, एवढीच त्याची ख्याती. पण नावात घोडा आहे आणि बंदरही आहे. मग ते घोडे कुठले, नि कुठं गेले?

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या अकरा जणी घोडबंदर गावात जाऊन आलो. रस्ता संपत येतो तिथं, खाडीच्या काठी, छोट्या टेकडीवर किल्ला आहे. पोर्तुगीजांचा. वर उभं राहिलं की खाडीचं पाणी लांबपर्यंत दिसतं आणि बंदर इथंच का झालं ते न सांगता कळतं. अरबस्तानातून येणारे घोडे इथं गलबतातून उतरायचे, त्यांची खरेदी-विक्री व्हायची, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. 1737 साली मराठ्यांनी हा किल्ला घेतला. 1818 नंतर इंग्रजांचा कारभार आला.

घोड्यांची गोष्ट मात्र पोर्तुगीजांच्याही आधीची आहे. मार्को पोलो नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं प्रवासवर्णन साधारण 1298 मध्ये लिहिलं गेलं, त्यात ठाणं आहे. तो सांगतो की ठाण्याच्या राजाचं समुद्री चाच्यांशी साटंलोटं होतं. लुटीतलं सोनं-नाणं, कापड, माल सगळा चाच्यांचा, घोडे तेवढे राजाचे. कारण राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानकडे येणाऱ्या प्रत्येक जहाजात घोडे असायचेच. राजाला हे शोभत नाही, असा शेराही पोलोनं मारला आहे. बरोबरच मारला.

दक्षिणेकडच्या राजांबद्दल त्यानं लिहिलंय ते आपण बचत गटवाल्यांनी नीट ऐकावं. तो म्हणतो, तिथला राजा दरवर्षी दोन हजारांहून जास्त घोडे विकत घेतो आणि वर्षअखेर त्यातले शंभरही उरत नाहीत. का? तर घोडा सांभाळायचा कसा हे तिथं कुणाला ठाऊक नाही, आणि घोड्यांचे नालबंदही नाहीत. घोडे विकणारे व्यापारी नालबंद बरोबर आणत नसत, दुसऱ्या कुणाला जाऊही देत नसत. घोडा जगला तर पुढच्या वर्षी नवा कोण घेणार? दरवर्षी बियाण्याची पिशवी विकत घेणाऱ्या आमच्या एका ताईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तेव्हापासून हेच चालू आहे."

किल्ला आणि घोडे म्हटलं की फ्रान्समधलं शांतिई गाव लोक फोनवर दाखवतात. पॅरिसच्या उत्तरेला आहे. राजवाड्यासारखा किल्ला आणि शेजारी घोड्यांसाठी दुसरा राजवाडा. 1719 ते 1735 या काळात तो तबेला बांधला, 240 घोडे राहतील एवढा. बांधणारा राजपुत्र म्हणे पुढच्या जन्मी आपण घोडाच होणार असं मानायचा, म्हणून एवढी सोय! पण 240 घोड्यांना खरारा करायला, चंदी घालायला, लीद काढायला माणसं किती लागली असतील, असा प्रश्न माझ्या मनात आधी येतो.

तसाच एक खरारा करणारा माणूस ठाण्याच्या इतिहासात आहे.

शांतिईचा तबेला बांधला जात होता त्याच काळात, 1730 च्या सुमारास, पोर्तुगीजांनी ठाण्यात किल्ला बांधायला घेतला. आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह म्हणजे तोच किल्ला. तो 1737 मध्ये मराठ्यांकडे आला आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. सप्टेंबर 1815 मध्ये तिथं एक बडा कैदी आणला, त्रिंबकजी डेंगळे. दुसऱ्या बाजीरावाचा हा लाडका कारभारी. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा जुलै 1815 मध्ये पंढरपुरात खून झाला, त्यामागे त्रिंबकजी आहे असा इंग्रजांचा आरोप होता. पेशव्यानं आधी टाळाटाळ केली, मग त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. त्याला थोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. महसुलाचे मक्ते बोलीवर देऊन रयत पिळणाऱ्या दरबाराचा तो माणूस.

पहारा कडक होता. देशी शिपाई फितूर होतील म्हणून इंग्रजांनी सगळे गोरे शिपाई ठेवले, आणि खोट नेमकी तिथंच राहिली. गोऱ्यांना मराठी येत नव्हतं.

किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार नोकरीला लागला. कामाला चोख, घोड्यावर फार जीव. त्रिंबकजीच्या खिडकीखालून तो साहेबाचा घोडा फिरवायचा, खरारा करता करता गाणं म्हणायचा. पहारेकऱ्यांना वाटायचं, मोतद्दार आहे, गुणगुणतोय. गाण्यात निरोप होता. झुडपाआड माणसं दबा धरून आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, पंचावन्न घोडे तयार आहेत पण स्वार चोपन्नच, पंचावन्नावा तेवढा यायचा आहे, अशा अर्थाचा.

मैत्रिणींनो, जात्यावर बसून सासरचं गाऱ्हाणं माहेरच्या बाईला ऐकवणाऱ्या आपल्या आज्यांना ही युक्ती कुणी शिकवायला नको होती. घरात सगळे असायचे. ऐकू सगळ्यांना जायचं, कळायचं जिला कळवायचं तिलाच.

सप्टेंबर 1816 मधल्या एका रात्री त्रिंबकजी भिंतीला भोक पाडून निसटला. मोतद्दारही गायब झाला. तेव्हा कुठं साहेबांना ती गाणी आठवली. त्रिंबकजीनं बाहेर माणसं जमवली, इंग्रज-पेशवे संबंध आणखी बिघडले, नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली आणि 1818 मध्ये पेशवाई संपली. पेशवाई बुडायला कारणं पुष्कळ होती, त्यांत ठाण्याचं हे भोकही धरावं लागतं.

त्रिंबकजी 1818 मध्ये निफाडजवळ अहेरगावात पुन्हा पकडला गेला. या खेपेला त्याला लांब, काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात ठेवलं. हेबर नावाच्या इंग्रज बिशपनं 1824 मध्ये त्याला तिथं पाहिलं. पुढच्या वर्षी हेबर मुंबईकडे आला, त्यानं मोतद्दाराची हकिकत टिपून ठेवली, आणि ते गाणं इंग्रजी पद्यात लिहिलं. ग्रँट डफनंही मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग दिला आहे. दोघांच्या पुस्तकांत कैद्याचं नाव आहे, पण मोतद्दाराचं नाव नाही. आणि ज्या मराठी शब्दांवर सगळी सुटका टांगलेली होती, ते शब्दही हेबरच्या पुस्तकात नाहीत.

ठाण्याला गेलात तर कारागृहाच्या आत सोडत नाहीत, पण जुना दगडी तट बाहेरून दिसतो. घोडबंदरच्या किल्ल्यावर मात्र वर चढून जाता येतं. उन्हाळा टाळून जा, पाणी बरोबर ठेवा. आणि तुमच्या गावातल्या कुणा आजीच्या ओवीत घोडा, पागा, मोतद्दार असा शब्द येत असेल तर ती ओवी आजीच्या नावासकट वहीत उतरवून आमच्या केंद्रावर पाठवा.