सांता बार्बारा येथील ‘जुन्या स्पॅनिश दिवसां’चा उत्सव

अमेरिकन संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्निया संस्थानांत, लॉस एंजलिसच्या वायव्येस सुमारें दीडशें किलोमीटरांवर, सांता बार्बारा नांवाचें एक टुमदार शहर आहे. समोर पॅसिफिक महासागर आणि पाठीशीं सांता इनेस डोंगराची रांग, यांमधील चिंचोळ्या पट्टींत तें वसलें आहे. ऑगस्टच्या आरंभीं, ऐन उन्हाळ्यांत, तेथें पांच दिवस मोठा उत्सव भरतो. ‘जुने स्पॅनिश दिवस’ हें त्याचें नांव. लोक मात्र त्याला ‘फिएस्ता’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं जुन्या मिशन-मंदिराच्या पायऱ्यांवर गाणें व नाच होतो. शुक्रवारीं घोडेस्वारांची व जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, शनिवारीं मुलांची निघते. रात्रीं न्यायकचेरीच्या बागेंत टाचांच्या ठेक्यावर फ्लामेंको नाच चालतो, आणि रस्त्यारस्त्यांतून रंगीत कागदाच्या कपट्यांनीं भरलेलीं अंड्यांचीं टरफलें एकमेकांच्या डोक्यांवर फोडलीं जातात. धुळवडीप्रमाणें त्या वेळीं लहानमोठा असा भेद कोणी पाळीत नाहीं.

नांवावरून वाटेल कीं हा उत्सव स्पॅनिश अमदानीपासून चालत आला असावा. तसें नाहीं. तो सुरू झाला १९२४ सालीं, आणि सुरू करणारे बहुतेक इंग्रजी बोलणारे व्यापारी, हौशी श्रीमंत व कलाप्रेमी नागरिक होते. १८८७ त लॉस एंजलिसकडून आणि १९०१ त सॅन फ्रॅन्सिस्कोकडून आगगाडी आल्यावर हवा खाण्यास येणाऱ्या धनिकांचा पाहुणचार हा या गांवाचा मोठा धंदा होऊन बसला होता. होसे लोबेरो नांवाच्या एका इटालियन गृहस्थानें १८७३ त येथें नाट्यगृह बांधलें होतें. त्याच्या जागीं नवें उभारून तें १९२४ च्या ऑगस्टांत उघडण्यांत आलें. त्या समारंभाला जोडून गांवाचा गतकाल रस्त्यावर आणावा अशी कल्पना निघाली. पाहुण्यांस पाहण्यासारखें कांहीं मिळावें हा हेतु त्यांत उघड होता, आणि त्यांत वावगेंहि कांहीं नव्हतें. प्रश्न आहे तो गतकालापैकीं काय निवडलें आणि काय वगळलें, हा.

या किनाऱ्याला आजचें नांव मिळालें तें १६०२ सालीं. सेबास्तियान विझकाइनो हा स्पॅनिश दर्यावर्दी ४ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे संत बार्बारेच्या सणाच्या वेळीं, येथील सामुद्रधुनींतून गेला. वसाहत व्हावयास मात्र आणखी १८० वर्षें जावीं लागलीं. २१ एप्रिल १७८२ रोजीं स्पेनच्या राजाच्या नांवानें येथें प्रेसिदिओ, म्हणजे लष्करी ठाणें, स्थापन झालें. ठाण्यावरील शिपाई कोण होते हें पाहण्यासारखें आहे. ते माद्रिदहून किंवा सेव्हिलहून आलेले नव्हते. सोनोरा, सिनालोआ अशा मेक्सिकोच्या वायव्य प्रांतांतून बायकामुलांसह आणलेले ते गरीब लोक होते, आणि स्पॅनिश, आफ्रिकन व अमेरिकेचे मूळ रहिवासी अशा तिघांचेंहि रक्त त्यांच्यांत मिसळलेलें होतें. मिरवणुकींतलें मखमली जाकीट त्यांपैकीं फारच थोड्यांच्या अंगाला लागलें असेल.

ठाण्याच्या खालीं समुद्रकांठीं स्युख्तुन नांवाचें मोठें गांव आधींच नांदत होतें. तें चुमाश लोकांचें. फळ्यांना भोकें पाडून त्या दोरीनें शिवावयाच्या आणि सांधे किनाऱ्यावर जमिनींतून आपोआप पाझरणाऱ्या डांबरानें बुजवावयाचे, अशा रीतीनें ते ‘टोमोल’ नांवाच्या नावा बांधीत व समोरच्या बेटांशीं व्यापार करीत. शिंपल्यांच्या मण्यांचें त्यांचें नाणें दूरदूर चाले. ४ डिसेंबर १७८६ रोजीं फर्मीन दे लासुएन या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें मिशन स्थापल्यावर हे लोक हळूहळू बाप्तिस्मा घेऊन त्याच्या आवारांत आले. कांहीं श्रद्धेनें आले असतील. पण वसाहतीच्या गुराढोरांनीं व नव्या रोगराईनें त्यांचें जुनें जगणेंहि कठीण करून टाकलें होतें. एकदां आंत आलेल्यास परवानगीवांचून बाहेर राहतां येत नसे. पळालेल्यास शिपाई धरून आणीत व फटके मिळत. शेतें, पाट, धरण आणि १८१२ च्या भूकंपानंतर उभारून १८२० त पुरें झालेलें दगडी मंदिर, हें सारें त्यांच्याच हातचें काम. रोगांनीं ते भराभर मेले. मंदिराशेजारच्या दफनभूमींत सुमारें चार हजार चुमाश पुरलेले आहेत. उत्सवाच्या पहिल्या रात्रीं ज्या पायऱ्यांवर नाच होतो, तेथून ती दफनभूमि भिंतीपलीकडेच आहे.

येथें एक साल ध्यानांत घ्यावें. उत्सवाच्या आरंभापूर्वीं बरोबर १०० वर्षें, १८२४ च्या फेब्रुवारींत, सांता इनेस मिशनमध्यें एका चुमाश तरुणास फटके मारल्याचें निमित्त झालें आणि आसपासच्या तीन मिशनांत चुमाश लोक उठले. ला पुरिसिमा येथील मिशन त्यांनीं जवळजवळ महिनाभर आपल्या ताब्यांत ठेवलें. मार्चमध्यें सरकारी फौजेनें तोफा डागून तें परत घेतलें. सांता बार्बाराचे चुमाश शिपायांशीं झुंजून, डोंगर ओलांडून आंतल्या तुलारे प्रदेशांत निघून गेले, आणि माफीचें वचन मिळाल्यावर जूनमध्यें त्यांतले पुष्कळसे परतले. त्या झुंजीच्या शताब्दीच्या वर्षीं शहरानें उत्सव केला. पण तो तिच्या स्मरणाचा नव्हता.

शिवाय ही झुंज झाली तेव्हां येथें स्पेनचें राज्य उरलेंहि नव्हतें. १८२१ त मेक्सिको स्वतंत्र झाला व पुढल्या वर्षीं कॅलिफोर्नियांत स्पेनचें निशाण उतरलें. म्हणजे या गांवावर स्पेनची सत्ता अवघीं चाळीस वर्षें होती. उत्सवांत ज्या दिवसांचें चित्र रंगवितात, म्हणजे मैलोगणती कुरणें, घोड्यावर जन्म काढणारे जमीनदार आणि दिवसेंदिवस चालणारीं लग्नें, ते दिवस खरे पाहतां मेक्सिकोच्या अमदानींतले. १८३४ त सरकारनें मिशनची मालमत्ता पाद्र्यांकडून काढून घेतली. तिचा मोठा वांटा चुमाशांना मिळावयाचा होता. बहुतेक जमीन गेली ती जमीनदार घराण्यांकडे. त्यांच्या गुरांचीं कातडीं व चरबी न्यावयास बॉस्टनचीं गलबतें येत. अशाच एका गलबतावरील रिचर्ड हेन्री डेना या तरुण खलाशानें १८३६ च्या जानेवारींत दे ला गेरा घराण्यांतलें एक लग्न पाहिलें. वधूचा पिता होसे दे ला गेरा हा मात्र खरोखरीच स्पेनमध्यें जन्मलेला; वर अमेरिकन व्यापारी. वाड्याच्या अंगणांत मांडव घालून नाच चालला होता आणि सुगंधी पाण्यानें भरलेलीं अंडीं पाहुण्यांच्या डोक्यांवर फुटत होतीं, असें डेनानें लिहून ठेवलें आहे. तेव्हां आजचा टरफलें फोडण्याचा खेळ हा अस्सल जुना. फ्लामेंकोची गोष्ट उलट. तो अंदालुसियांतला नाच. रंगमंचावरचें त्याचें रूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास घडलें, आणि तोंवर स्पेन कॅलिफोर्नियांतून जाऊन एक पिढी लोटली होती. जें घरचें तें पोरांच्या खेळांत राहिलें, आणि जें बाहेरून आणलें त्याला मानाची जागा मिळाली!

१८४६ त अमेरिकन फौजा आल्या व १८४८ च्या तहानें कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. तहांत मालमत्तेचे हक्क राखण्याचें वचन होतें. पण १८५१ च्या कायद्यानें प्रत्येक जमीनदारावर आपला हक्क मंडळापुढें शाबीत करण्याचा भार पडला. खटले वर्षानुवर्षें रेंगाळले, वकिलांचीं देणीं जमिनी विकून भागवावीं लागलीं, आणि १८६२ ते १८६४ च्या अवर्षणांत गुरें तडफडून मेलीं. होसेचा मुलगा पाब्लो हा १८४९ च्या घटनासभेंत बसला होता; कायदे स्पॅनिशमध्येंहि छापावे असें त्या घटनेंत होतें. १८७९ च्या घटनेनें तें काढून टाकलें. जमीन हातची गेली, भाषा कचेरींतून गेली, आणि त्यानंतर सुमारें अर्ध्या शतकानें त्या दिवसांचा उत्सव सुरू झाला.

एरव्हीं तो कांहीं वर्षें चालून विझलाहि असता. पण २९ जून १९२५ रोजीं सकाळीं पावणेसातच्या सुमारास भूकंप झाला. मुख्य रस्त्यावरचीं दुकानें कोसळलीं, मिशनचे मनोरे ढासळले, शेफील्ड धरण फुटलें. बाजार उघडण्यापूर्वींची वेळ होती म्हणून माणसें थोडीं, सुमारें तेरा, दगावलीं. शहराला एकच एक रूप असावें असा आग्रह बर्नहार्ड हॉफमन, पर्ल चेस प्रभृति मंडळींनीं आधींपासून धरला होता. दे ला गेरा यांच्या वाड्याभोंवतीं ‘एल पासेओ’ ही दुकानांची आळी उभारून हॉफमननें त्याचा नमुनाहि दाखविला होता. भूकंपानंतर नव्या इमारतींचे नकाशे तपासण्यास मंडळ नेमलें गेलें, आणि पांढऱ्या भिंती, लाल कौलें व कमानी यांचें शहर उभें राहिलें. १९२९ सालची न्यायकचेरी ही त्यांतली सर्वांत देखणी इमारत. १९६० त जुन्या वस्तीच्या भागापुरता हा घाट कायद्यानें बंधनकारक झाला. उत्सवासाठीं चढविलेला वेष शहरानें असा कायमचा अंगावर घेतला. जुन्या काळचीं घरें बहुतेक मातीच्या कच्च्या विटांचीं, बैठीं व साधीं असत. त्यांतलीं कितीतरी आधींच पाडून झालीं होतीं.

त्याच काळांत शहराच्या कष्टकरी वस्त्यांतून मेक्सिकन मजूर राहत होते. १९१० च्या क्रांतीनंतर ते मोठ्या संख्येनें कॅलिफोर्नियांत आले. ज्यांचे पूर्वज मेक्सिकोंतून आले त्या जुन्या घराण्यांना ‘स्पॅनिश’ म्हणावयाचें आणि काल आलेल्यास ‘मेक्सिकन’, असा हा भेद होता; भाषा व धर्म दोघांचा एकच. १९३० नंतरच्या मंदींत कॅलिफोर्नियांतून हजारों मेक्सिकनांस आगगाड्यांत बसवून मेक्सिकोस धाडण्यांत आलें, आणि त्यांत अमेरिकेंत जन्मलेलीं मुलेंहि होतीं. असें असलें तरी हा उत्सव म्हणजे नुसता देखावा, असें म्हणून तो झटकून टाकणें न्यायाचें होणार नाहीं. जुन्या घराण्यांचे वंशज त्यांत भाग घेत आले. ज्यांच्या आजोबांची जमीन गेली त्यांना वर्षांतून एकदां आपलें नांव गांवांत मानानें ऐकूं येई. आणि आज मारियाची वादक व मेक्सिकन लोकनृत्यें हीं त्यांत उघडपणें असतात. जो शब्द टाळला जाई त्याची जागा सुरांनीं घेतली.

चुमाश लोकहि नाहींसे झालेले नाहींत. सांता इनेसच्या खोऱ्यांत १९०१ सालापासून त्यांची राखीव वसाहत आहे. बेटांकडे जाणाऱ्या नावा मात्र एकोणिसाव्या शतकांतच बंद पडल्या होत्या. १९७६ त जुन्या नोंदींच्या आधारें एक टोमोल बांधण्यांत आली, आणि २००१ च्या सप्टेंबरांत अशाच दुसऱ्या टोमोलींतून चुमाश वल्हेकरी रात्रीं किनारा सोडून सांताक्रूझ बेटावर, ज्याला त्यांच्या भाषेंत लिमू म्हणतात तेथें, दुसऱ्या दिवशीं पोचले.