पायपेटीवाल्याची ट्रंक

2019च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरलं तेव्हा आत्याच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, तिच्या आईची दोन लुगडी गेली. आजोबांची ट्रंक तेवढी वाचली, कारण ती माळ्यावर होती. माळ्यावर का, तर खाली तिला ठेवून घ्यायला घरात कुणी तयार नव्हतं. अडगळीचा असाही उपयोग होतो.

आजोबा देवळात पेटी वाजवायचे. आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणत. त्यामुळे लहानपणी माझा एक घोटाळा व्हायचा. कोल्हापुरात 1883पासून ‘देवल क्लब’ आहे, गाण्याच्या बैठकींसाठी नावाजलेला. आजोबा कधी कधी संध्याकाळी ‘देवलला जाऊन येतो’ म्हणत. मला वाटायचं, रविवार नसताना हे देवळात कशाला जातात? पुढे कळलं की ते मागच्या सतरंजीवर बसून गाणं ऐकायचे आणि घरी येऊन वहीत काहीबाही लिहायचे.

त्या वह्या ट्रंकेत निघाल्या. एकूण अकरा. शिवाय नाताळच्या उपासनेचे छापील क्रम, पाळकसाहेबांच्या चिठ्ठ्या, अमेरिकन ऑर्गन कंपनीच्या सूचिपत्राची चार पानं आणि पुडीत बांधलेला पितळी सूर, म्हणजे पेटीतली रीड. एकाच माणसाच्या कागदांत तीन लिपी. जमाखर्च मोडीत, गाण्याचे शब्द बाळबोधीत आणि चाली कधी सारेगमात, कधी पाच रेघांवर गोल गोल टिंबं काढून. पाच रेघांचं लेखन त्यांना एका मिशनरी बाईंनी शिकवलं, असं आत्या सांगते. मोडी शाळेत आली, सारेगम कानाने.

कोल्हापुरात मिशन आलं ते 1852च्या अखेरीस. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन पाद्री सहकुटुंब इथे येऊन राहिले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863मध्ये इथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या मिशनरी चळवळीचा एक संस्थापक झाला. वायल्डरांचं नाव आजही इथल्या चर्चला आहे. योगायोग असा की ज्या साली ते कोल्हापुरात आले, त्याच साली अमेरिकेत प्रेस्बिटेरियन पंथाची इतिहास संस्था स्थापन झाली. पश्चिम भारतातल्या त्या मिशनचे कागद तिच्या फिलाडेल्फियाच्या संग्रहात जपून ठेवलेले आहेत. पाठवणाऱ्यांचे कागद असे नीट राहिले. पेटी वाजवणाऱ्याचे माळ्यावर गेले, आणि पूर येईपर्यंत त्यांची कुणाला आठवणही नव्हती. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. चाल ही कागदावर ठेवायची वस्तू आहे, असं आपल्याकडे वाटतच कुणाला होतं? चाल गळ्यात असते. गळा गेला की शिष्याच्या गळ्यात.

पायपेटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हल्ली ती दिसत नाही. बैठकीतल्या हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो, बोटांना पट्ट्या मिळतात त्या दुसऱ्या हाताच्याच. पायपेटीत भाता पायाखाली, दोन्ही हात मोकळे. अमेरिकन बांधणीच्या पेटीत आणखी एक गंमत असते. भाता हवा बाहेर फेकत नाही, आत ओढतो, आणि आत जाणारी हवा पितळी सुरांवरून सरकते. म्हणून आवाज जरा मऊ, गोलसर. व्हरमाँटमधल्या ‘एस्टी’ या एकाच कारखान्याने अशा पाच लाखांहून अधिक पेट्या बनवल्या. शिकागोच्या ‘बिलहॉर्न’ची घडीची पेटी तर सुटकेससारखी मिटायची, आणि पाद्री ती घेऊन गावोगाव हिंडायचे. आमच्या देवळातली कुठल्या बनावटीची होती ते आजोबांनी लिहिलं नाही. लिहिलंय ते एवढंच: ‘आषाढात काळ्या पट्ट्या फुगतात. भात्याचे चामडे उंदराने खाल्ले. 6 आणे.’

या पेटीला दोन्ही बाजूंनी शिव्या खाव्या लागल्या, याचं मला नेहमी हसू येतं. प्रेस्बिटेरियन पंथाचं मूळ घर स्कॉटलंड. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपासनेत वाद्य म्हणजे जवळपास पाप होतं. ऑर्गनला ते लोक ‘शिट्ट्यांची पेटी’ म्हणून हिणवायचे. इकडे आपल्या गवयांचं म्हणणं, या परदेशी पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, सगळे सूर एका मापाने कापलेले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी, हे डेप्युटी कलेक्टर होते, एका बाजूला अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा आणि दुसऱ्या बाजूला क्लेमंट्स नावाच्या आयसीएस जज्जाचा उत्साह घेऊन बावीस श्रुतींची पेटी इंग्लंडहून करवून घेतली. 1916च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर भरपूर खडाजंगी झाली, आणि ती काही बैठकीत रुळली नाही. पुढे 1940मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदीच घातली, ती तीस वर्षं टिकली. आजोबांच्या एका वहीत त्या साली एकच ओळ आहे: ‘रेडिओवर पेटी बंद. देवळात चालू.’

पेटीला आसरा दिला तो नाटकवाल्यांनी. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला स्वतंत्र वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि 1911च्या ‘मानापमाना’च्या चालीही त्यांच्याच. रंगमंचापुढच्या खड्ड्यात ऑर्गन आला आणि पदांना भरणा मिळाला. गंधर्व कंपनीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर असत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर 1915चं. तेच पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. केशवरावांचा जन्मदिवस 9 ऑगस्ट, आणि 2024मध्ये त्याच्या आदल्या रात्री ते नाट्यगृह जळालं. त्या रात्री आत्या झोपली नाही. टीव्हीवर ज्वाळा बघत ती मला फोनवर म्हणाली, ‘अरे, दादांचे गुरू तिथेच वाजवायचे की!’

ही तिची आवडती गोष्ट. दादांना, म्हणजे आजोबांना, पेटी शिकवली ती एका नाटक कंपनीतल्या पेटीवाल्याने. शनिवारी रात्री तो थिएटरात वाजवायचा. नाटक पहाटे संपायचं. तसाच तो देवळात यायचा, पहिलं गीत वाजवायचा, प्रवचन सुरू झालं की पेटीवर डोकं टेकून झोपायचा, आणि शेवटच्या गीताला आजोबा त्याच्या पायाला चिमटा काढायचे. आत्या हे सांगताना डोकं टेकवूनही दाखवते.

वह्या मात्र वेगळं सांगतात. त्यांत गुरू नाही. एका पानावर एवढंच आहे: ‘नाटक कंपनीतील एक गृहस्थ आले. पेटी पाहून म्हणाले, सूर उतरला आहे. दोन पट्ट्या नीट करून दिल्या. पैसे घेतले नाहीत.’ बस्स. आत्याला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘असू दे की. गुरू झोपले होते हे काय दादा लिहिणार?’ तिचंही बरोबर आहे. माणूस वहीत सहा आण्यांचा हिशेब लिहितो, चिमट्याचा लिहीत नाही. दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. कुठलीही काढून टाकायचं धाडस झालेलं नाही.

गोव्यात चाल कागदावर न येण्याची अडचण कमी होती. तिथल्या चर्चच्या शाळांतून मेस्त्री, म्हणजे गाण्याचे मास्तर, मुलांना पाच रेघा वाचायला शिकवत. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात ज्यांचं नाव आहे ते अँथनी गोन्साल्विस खरेच होते, माजोर्ड्याचे. त्यांचे वडील तिथल्या चर्चचे गायनप्रमुख होते. कागदावर लिहायचं आणि कागद बघून वाजवायचं, हे त्या घरांत आईच्या दुधाबरोबर यायचं. आमच्याकडे कोल्हापुरात कागद आला तो उशिरा, आणि अर्धाच.

त्या अर्धेपणातच आजोबांचं सगळं काम आहे. मराठी गीतपुस्तकात, म्हणजे ‘उपासना संगीता’त, दोन जातींची गीतं. एक इंग्रजी चालींवर बेतलेली, दुसरी आपली: अभंग, ओवी, साकी, दिंडी, पदं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची शेकडो भजनं या दुसऱ्या वळणाची. इंग्रजी चालीला चार आवाजांची बांधणी तयार मिळते. टिळकांच्या भजनाला काय द्यायचं? डावा हात रिकामा आहे म्हणून त्याने सुरांचे गुच्छ वाजवले तर राग मोडतो, नाही वाजवले तर पायपेटी कशाला? आजोबांनी यावर तीस वर्षं डोकं फोडलेलं दिसतं. पहिल्या वह्यांत डाव्या हाताला तीन-तीन सूर लिहिलेत. चौथ्या वहीत त्यांवर फुल्या. सातव्यात डाव्या हाताला फक्त षड्ज आणि पंचम, तानपुऱ्यासारखे. वर टीप: ‘काळी दोन. बायकांना चढते. काळी एक घ्यावी.’ स्वतःची अशी त्यांची चौदा गीतं सापडली. शब्द कुणाकुणाचे, चाली त्यांच्या. सगळ्याच चांगल्या नाहीत. तीन-चार तर सरळ नाट्यपदांवर बेतलेल्या आहेत, आणि ते त्यांनी ‘चाल:’ म्हणून प्रामाणिकपणे वर लिहिलंय.

या वह्या कुठे द्याव्यात, हा घरात वाद आहे. चुलतभाऊ म्हणतो, स्कॅन करून अमेरिकेला पाठव, ते जपतील. कोल्हापुरात पुरालेखागार आहे, करवीर संस्थानचे मोडी रुमाल तिथे रचून ठेवलेत, तिथे विचारावं असं मला वाटतं. आत्याचं म्हणणं, माझ्यानंतर काय ते करा.

परवा अकरावी वही घेऊन मी तिच्याकडे गेलो. त्यात नाताळचं एक गीत आहे, दादरा. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आजोबांनी सहा मात्रांच्या ठेक्यात एक जादा मात्रा कोंबली आहे. कुठल्याच हिशेबात ती बसत नाही. मला वाटलं, चूक असेल. मग समासात बारीक अक्षरं दिसली: ‘इथे मंडळी ओढतात.’

मी काही बोललो नाही. फक्त म्हटलं, ‘आत्या, हे येतं का गं तुला?’ तिचं वय अठ्ठ्याऐंशी. तिने चष्मा काढला, वहीकडे पाहिलंसुद्धा नाही आणि म्हणायला लागली. मी बोटांवर मात्रा मोजत होतो. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर ती थांबली, श्वास घेतला, शब्द थोडा ओढला आणि पुढे गेली.

बरोबर एक मात्रा.