बांध, गावठाण आणि पंचायत : ठाणे खाडीच्या पूर्वकाठावरील स्थानिक कारभार

नवी मुंबई या नावाने आज ओळखला जाणारा प्रदेश पूर्वी एकाच जिल्ह्याचा भाग नव्हता. नियोजित शहरासाठी निवडलेली ९५ गावे ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांत विखुरलेली होती. त्यांपैकी पहिला तालुका ठाणे जिल्ह्यात आणि उरलेले दोन कुलाबा जिल्ह्यात मोडत. पनवेल तालुका स्वतः १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले ते १९८१ मध्ये. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या योजनेपासून पुढचा वृत्तांत नगररचनेच्या अभ्यासकांस परिचित आहे. या गावांच्या स्थानिक कारभाराचे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या वृत्तांतात बहुधा गौण ठरतो. वस्तुतः येथील गेल्या शतकाचा इतिहास जमिनीवरील सत्ता आणि माणसांचे प्रतिनिधित्व यांची फारकत कशी झाली, याचा इतिहास होय.

खाडीकाठच्या गावाचे अस्तित्व बांधावर अवलंबून असे. भरतीचे पाणी अडवून खारी जमीन लागवडीखाली आणणे, पावसाच्या पाण्याने ती धुऊन काढून भाताचे पीक घेणे, आणि खाडीलगतच्या पट्ट्यात मीठ पिकविणे, हा येथील अर्थव्यवहाराचा पाया होता. आगरी या समाजाचे नाव ‘आगर’ म्हणजे मिठागर या शब्दाशी जोडले जाते. त्यांच्याबरोबर मासेमारीवर निर्वाह करणारे कोळी, उरण-पनवेलकडील कराडी, डोंगरपायथ्याचे कातकरी व ठाकूर, तसेच बाजारपेठांच्या गावी कोकणी मुसलमान व बेने इस्रायल अशी वस्ती होती. बांध एका ठिकाणी फुटला तरी खारे पाणी साऱ्या शेतांत शिरते आणि पुढील काही हंगाम जमीन नापीक राहते. यास्तव बांधाची डागडुजी ही एकट्या खातेदाराची बाब कधीच नव्हती.

ही डागडुजी कोणी करावयाची, या प्रश्नाभोवतीच येथील सत्तेची घडण झाली. कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री या नावाने ओळखली जाणारी पद्धत तिचा उत्तम दाखला आहे. समुद्रापासून मिळविलेल्या जमिनीचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराकडे असे व त्याबद्दल तो सरकारी साऱ्याखेरीज धान्याच्या रूपाने वेगळा हक्क वसूल करी. म्हणजे हक्काचे समर्थन बांधाच्या कामात होते. पुढे काम मागे पडले आणि वसुली मात्र चालू राहिली, तेव्हा कुळाच्या दृष्टीने त्या हक्कास आधार उरला नाही. १९५५ च्या कायद्याने कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क रद्द झाले. खारभूमीच्या बांधांसाठी त्यापूर्वीच, १९४८ मध्ये, स्वतंत्र कायदा होऊन सरकारी मंडळाची योजना झाली होती. गावाचे एक मूलभूत सामुदायिक कार्य अशा रीतीने गावाबाहेरील यंत्रणेच्या कक्षेत गेले.

खोतीचा इतिहासही याच दिशेने जातो. खोत हा सरकार व कूळ यांमधील वसूलदार. परंतु अनेक गावी गावचा कारभार त्याच्या हाती एकवटला होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला संप १९३९ पर्यंत चालला. खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार सहा वर्षे टिकवून धरणे हे केवळ आर्थिक गाऱ्हाण्याच्या बळावर शक्य नव्हते. गावकीची शिस्त आणि आगरी समाजाची एकजूट यांचा त्यास आधार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्यास पाठिंबा दिला व १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याआधी २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला होता. या दोन घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते : कायद्याने स्थापिलेली स्थानिक संस्था दुबळी असली तरी गावाची सामुदायिक कृतिशक्ती दुबळी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर दोन सुधारणा जवळजवळ एकाच वेळी अमलात आल्या. १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसणाऱ्या कुळाच्या मालकीचा मार्ग खुला झाला. दुसऱ्या बाजूस १९२० व १९३३ च्या ग्रामपंचायत कायद्यांची जागा १९५८ च्या कायद्याने घेतली आणि १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्य करू लागल्या. कूळ मालक झाले आणि मतदार सदस्य झाला. तात्त्विक दृष्ट्या खेड्याच्या स्वराज्याचे दोन्ही पाय सिद्ध झाले.

तथापि या रचनेत एक उणीव होती. पंचायतीकडे रस्ते, विहिरी, दिवाबत्ती, आरोग्यरक्षण व घरपट्टीची वसुली ही कामे आली; जमिनीचे दप्तर मात्र पूर्वीप्रमाणेच तलाठी, मामलेदार व जिल्हाधिकारी या महसुली साखळीत राहिले. पंचायतीचा दैनंदिन कारभार मुख्यतः गावठाणात चाले, आणि गावाच्या उपजीविकेचे क्षेत्र गावठाणाबाहेर होते. जोवर शेतकरी आपली जमीन कसत होता तोवर ही उणीव जाणवली नाही. ती उघडी पडली भूसंपादनाच्या वेळी.

१७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाले. ही कंपनी कायद्याखालील संस्था होय. १९७१ मध्ये तिला १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वये नव्या शहराचे विकास प्राधिकरण म्हणून नेमण्यात आले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे नियोजन एका अशा संस्थेकडे आले की जिच्या संचालकांस तेथील मतदार निवडून देत नव्हते. संपादन झाले ते १८९४ च्या कायद्याने. या कायद्याप्रमाणे मोबदला प्राथमिक अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावावर ठरे. प्रत्यक्ष निवाडा कितीही लांबला तरी मधल्या काळातील भाववाढ जमीनधारकाच्या वाट्यास येत नसे. कृषक दिनानंतर अवघ्या १३ वर्षांत कुळाच्या पदरी पडलेली मालकी पुन्हा हातची जाण्याची वेळ आली, ही गोष्ट येथील लोकांच्या भावनेचा विचार करताना विसरता येणार नाही.

संपादनातून मूळ गावठाणे साधारणपणे वगळण्यात आली. यात सदय हेतू होता असे मानले तरी परिणाम विलक्षण झाला. जमीन महामंडळाकडे, दप्तर महसूल खात्याकडे आणि माणसे पंचायतीकडे, अशी त्रिविध वाटणी झाली. ज्या पंचायतीस भाताच्या शेतांचे गाव गृहीत धरून अधिकार दिले होते, तिच्याकडे शेतांविना केवळ घरांचा पुंजका उरला. कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, आणि गावठाणाची सीमा मात्र जुन्या मोजणीचीच राहिली. वाढीव घरे साहजिकच त्या सीमेबाहेर, म्हणजे संपादित जमिनीवर, उभी राहिली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग सरकारी पत्रव्यवहारात रूढ झाला तो यामुळे. एकाच घराचा पंचायतीने घरपट्टीसाठी स्वीकार करावा व प्राधिकरणाने त्यास अनधिकृत म्हणावे, हा विरोध व्यक्तीच्या वर्तनातून निर्माण झालेला नाही. तो संस्थांच्या रचनेत आहे.

औपचारिक संस्थेत जमिनीविषयी बोलण्याची सोय नसल्याने तो आवाज पक्ष व संघर्षाच्या मार्गाने प्रकट झाला. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, जासई गावचे दि. बा. पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई व नवघर परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक मरण पावले. पुढे १९९० मध्ये व सुधारित स्वरूपात १९९४ मध्ये संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना सरकारने स्वीकारली. शहराच्या मूल्यवाढीत मूळ धारकाचा वाटा आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले, आणि ते कोणत्याही पंचायतीच्या वा जिल्हा परिषदेच्या ठरावाने नव्हे, तर रस्त्यावरील लढ्याने. अर्थात क्षेत्राच्या प्रमाणात मिळणारा हा लाभ सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांचा होता. मिठागरावरील मजूर, शेतमजूर, कातकरी, तसेच ज्यांचे शेत म्हणजे खाडीच होती असे कोळी यांच्या नुकसानीचे मोजमाप या गणितात बसत नव्हते.

नागरी प्रतिनिधित्व उशिरा आले. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून अस्तित्वात आली. पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. मधल्या तीन वर्षांत पंचायती संपल्या होत्या आणि लोकनियुक्त सभा आली नव्हती. पालिका आल्यावरही भूखंडांची मालकी महामंडळाकडेच राहिली. ते भूखंड भाडेपट्ट्याने दिले जातात. दहिसर परिसरातील चौदा गावांनी तर पालिकेस विरोध करून २००७ मध्ये पुन्हा पंचायतीचा कारभार मिळविला. पुढे नागरी सोयींच्या अपेक्षेने तेथूनच पुनःसमावेशाची मागणी आली व सरकारने ती मान्य केली. याचा अर्थ गावकऱ्यांचे मत चंचल होते असा लावणे योग्य नाही. पंचायतीत स्वायत्तता होती पण साधने नव्हती. पालिकेत साधने होती पण स्वतःच्या गावठाणावरील ताबा नव्हता. दक्षिणेकडे पनवेलची नगरपालिका १८५२ इतकी जुनी. तिचे २९ गावांसह महानगरपालिकेत रूपांतर १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाले.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळाच्या बाबतीत या इतिहासाचा पुढला टप्पा दिसतो. तेथे दहा गावांची वस्तीच हलवावी लागली, आणि जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंडाचे प्रमाण साडेबावीस टक्के धरण्यात आले. १९७० मध्ये गावठाण राखून शेत घेतले गेले. येथे गावठाणही गेले. मोबदल्याचे प्रमाण वाढले, हे पूर्वीच्या लढ्यांचे फळ होय. परंतु नव्या जागी वसलेल्या गावास स्वतःच्या जमिनीविषयी निर्णय घेणारी संस्था मिळाली काय, हा प्रश्न भूखंडाच्या टक्केवारीने सुटत नाही.

खोत, शिलोत्रीदार, महसूल खाते व महामंडळ हे क्रमाने आलेले अधिकारी स्वरूपाने अत्यंत भिन्न आहेत. जुन्या अधिकाऱ्यांचे हक्क कायद्याने गेले आणि महामंडळ कायद्यानेच आले. त्यांची तुलना एका मर्यादेपलीकडे करू नये. तरीही जमिनीचा निर्णय गावाबाहेर होणे ही गोष्ट या सर्व अवस्थांत समान आहे. लोकशाही विकेंद्रीकरणाच्या अभ्यासात पंचायतींची संख्या, निवडणुका व उत्पन्न यांचा हिशेब मांडला जातो. ठाणे खाडीच्या पूर्वकाठाचा अनुभव असे दर्शवितो की, ज्या सभेच्या अधिकारकक्षेत गावाची जमीन नाही, ती सभा गावाचे दिवे लावू शकते. गावाचे भवितव्य ठरविण्याच्या वेळी मात्र गावास तिच्याबाहेरच एकत्र यावे लागते.