सपात आणि तिची भावंडे

पोर्तुगीज भाषेत पायात घालावयाच्या वस्तूंची नावे एकमेकींना इतकी लगटून असतात की, नवख्याची फसगतच व्हावी. 'सपातु' म्हणजे आपला नेहमीचा जोडा. शेवटचा स्वर बदलून 'सपाता' म्हटले की तोच जोडा रुंद, पसरट आणि जवळजवळ बिनटाचेचा होतो. गवंडी भिंतीच्या पायाखालच्या रुंद थरालाही हाच शब्द वापरतात. मागून उघडा तो 'शिनेलु', लाकडी तळाचा तो 'तमांकु', घोट्याच्या वर चढतो तो 'बोता'.

आता आपल्या घरात या. पेन्शनीत निघालेले रावसाहेब सकाळी ज्या घालून ओटीवर फेऱ्या मारीत, त्या सपाता याच घराण्यातल्या. तळ सपाट म्हणून सपाता, असे कोणी सांगतात. व्युत्पत्ती ऐकायला गोड, पण खोटी! सपात आली ती पोर्तुगिजांकडून, आणि तीही 'सपातु'पासून नव्हे, 'सपाता'पासून आली असली पाहिजे. अर्थ जुळतो, लिंगही जुळते. मौज अशी की, त्यांचे 'सपाता' हे एकवचन. आपल्या कानांना ते 'वाटा', 'जिभा' यांसारखे अनेकवचन वाटले असावे. पाय तरी दोनच की! मग एका पायापुरते 'सपात' हे एकवचन आपणच पाडले, असे मला वाटते.

१५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला तो विजापूरच्या आदिलशहाकडून. आमच्या होटगी जंक्शनापासून विजापूरचा फाटा फुटतो, पण या काळ्या रानात फिरंगी काही नांदले नाहीत. त्यांचे शब्द मात्र आले. वसई १५३४ पासून त्यांच्याकडे होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. दोनशे वर्षांच्या त्या शेजारात चावी, पगार, पाव, लिलाव असे कितीतरी शब्द घाट चढून वर आले. बूट इंग्रजांचा खरा, पण त्याची फीत पोर्तुगीज!

मग जोड्याच्या नावांपैकी सपातच का टिकली? जोडा होता, वहाण होती, पायताण होते. फारसीतून पायपोस येऊन बसला होता. शेतकऱ्याच्या करकरणाऱ्या वहाणेला नव्या नावाची गरज नव्हती. चामडे उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे आणि आत फार तर खडावा वाजवावयाच्या, ही आपली रीत. या दोहोंच्या मधली, घरातल्या घरात वावरण्याच्या मऊ जोड्याची जागा तेवढी रिकामी होती. तीत सपात शिरली आणि साहेबी ऐटीची खूण होऊन राहिली. आता तीही जागा गेली. आमच्या वर्गातली मुले 'स्लिपर' म्हणतात. सपात म्हटले की तोंडाकडे पाहतात.

त्या घराण्यातला एक शब्द आपण घेतला नाही. जोडे शिवणाऱ्याला पोर्तुगीज 'सपातैरु' म्हणतात, म्हणजे सपातु करणारा. आपला 'चांभार' आला 'चर्मकारा'वरून. त्यांनी माणसाला तो जे घडवतो त्यावरून ओळखले. आपण तो ज्याला शिवतो त्या कातड्यावरून. त्याच्या हातची सपात ओटी ओलांडून माजघरापर्यंत गेली. तो मात्र अंगणात उभा राहून माप घेई, आणि दाम वरूनच त्याच्या हातावर टाकले जात.